आजीची वही टंकून झाली, आता करणार कोण?

रावपुरावाली

आमच्या आजेसासूबाईंची पाककृतींची वही या वर्षी मी पूर्ण टंकून काढली. लोणची, मसाले, सांडगे-कुरडया, श्रावणातलं, दिवाळीचं, बाळंतिणीसाठी डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, सगळं. पीडीएफ करून घरच्या ग्रुपवर टाकली. अंगठे, बदाम, डोळे भरून आलेले चेहरे यांची रांग लागली. त्यानंतर एकाही घरात त्यातलं काही शिजल्याचं कानावर आलेलं नाही.

आमची खालची पिढी अशी: मुलगी बडोद्यातच, जैन घरात सून. मुलगा टोरांटोला. पुतणे-भाचरं बडोदं, अहमदाबाद, पुणे अशी विखुरलेली. सगळी इंग्रजी माध्यमातली, मित्रमंडळ गुजराती, घरात आपली बडोद्याची मराठी. हिंदीमुळे देवनागरी वाचतात, पण 'बेताचे मीठ' आणि 'अंगासरशी रस' वाचून माझ्या तोंडाकडे बघतात. आणि खरं सांगायचं तर मी सासूबाईंच्या तोंडाकडे बघायचे.

तर मला विचारायचंय ते हे. तुमच्याकडे कुठला पदार्थ खालच्या पिढीने खरोखर उचलला? आवडीने खातात तो नको, स्वतःहून करतात तो सांगा. आणि तोच का उचलला असं तुम्हाला वाटतं? परंपरा जपायला हव्यात हे सगळ्यांना मान्य आहे, तेवढं गृहीत धरून पुढे बोलू.

एक अडचणही आहे. वहीतली मापं. लोणच्याचं पान असं: 'कैरीच्या फोडी ५ शेर, मीठ ४० तोळे, मोहरीची डाळ २० तोळे, मेथी ५ तोळे, हळद ५ तोळे, हिंग २ तोळे, तेल लागेल तसे.' माझ्या पुण्याच्या नणंदेने इंटरनेटवर शेर-तोळ्यांचे ग्रॅम शोधून या पानाबरहुकूम लोणचं घातलं. ते आषाढ सरायच्या आत फसफसलं. आमच्याकडे इथे वर्षभर राहतं, पण आम्ही वही उघडून कधी घातलंच नाही, सासूबाई घालत गेल्या आणि आम्ही बरण्या पुसत गेलो. वही चुकीची आहे का?

वाडीतला_वाडा

पहिला!

आमच्याकडे सेव-उसळ. दोन्ही मुलगे करतात, रविवारी, आईला ओट्यापाशी फिरकू न देता. आता कोणीतरी म्हणणार की ती कुठे आपली. आजोबा सातारकडचे, घरात मटकीची मिसळ व्हायची. इथे राहून मटकीच्या जागी पांढरा वाटाणा आला, फरसाण जाऊन नुसती शेव आली, वर पातीचा कांदा आणि ती लाल तरी. पोरांच्या लेखी हा बडोद्याचा पदार्थ, बाकी वंशावळीशी त्यांना कर्तव्य नाही.

भाकरवडीचा विषय कोणी काढू नये ही नम्र विनंती. मागचा धागा त्यावरून बंद करावा लागला होता.

तोळामासा

ताई, वही बरोबर आहे. माझं सगळं आयुष्य हाथीखान्यात धान्याच्या पेढीवर गेलं, म्हणून सांगतो.

इंटरनेटवर शेर शोधला की ८० तोळ्यांचा येतो, ९३३ ग्रॅम. तो इंग्रज सरकारचा शेर. त्याचे ४० झाले की ३७ किलोंच्या वरचा मण होतो. आपल्या गुजरातेत बाजारात चालायचा तो शेर ४० तोळ्यांच्या आसपासचा, म्हणजे अर्ध्या किलोला थोडा कमी. पुरावा हवा असेल तर कुठल्याही मार्केट यार्डात जाऊन कपाशीचा किंवा शेंगेचा भाव विचारा. आजही मणाचा भाव सांगतील, आणि तो मण २० किलोंचा. भागा त्याला ४० ने.

तोळा ११.६६ ग्रॅमचा धरू. मीठ ४० तोळे, म्हणजे साधारण ४६६ ग्रॅम. नणंदबाईंनी कैरी धरली सरकारी शेराने, ती झाली जवळजवळ पावणेपाच किलो. मीठ पडलं दहा टक्के. आजेसासूबाईंची कैरी होती सव्वादोन किलोंच्या जरा वर. तिला तेवढंच मीठ म्हणजे वीस टक्के. फसफसणार नाही तर काय?

दशमान वजनं १९५८ पासून यायला लागली. त्याआधीची वही हातात आली तर लिहिणारी बाई कुठल्या गावच्या बाजारात जात होती ते आधी विचारा, मग हिशेब करा. शिवाय डाळ-तांदळाच्या पानावरचा शेर मापाचाही असू शकतो. पायलीचे चार शेर, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी, चिपट्याची दोन कोळवी, कोळव्याची दोन निळवी. देशावरून आलेल्या बायकांनी माप बरोबर आणलं आणि बाजार मिळाला तागडीचा, त्यामुळे एकाच वहीत दोन पानांवर दोन शेर भेटतात. अनारशाचं पान असेल तर ते मापाचं धरून बघा.

रावपुरावाली

काका, दंडवत. नणंदेला लगेच फोन केला. ती म्हणाली, 'म्हणजे इतकी वर्षं मी आजीला नावं ठेवतेय ती फुकटच.'

होमसायन्सवाली

काकांचं गणित पक्कं आहे. कैरीच्या वजनाच्या पंधरा ते वीस टक्के मीठ हवंच, आणि फोडी तेलाखाली बुडलेल्या हव्यात. मीठ त्याहून कमी पडलं की आंबणं सुरू होतं. हल्ली ब्लड प्रेशरच्या नावाने लोक लोणच्यात मीठ कमी करतात आणि मग बरणीला दोष देतात. मीठ कमी खायचं असेल तर लोणचं कमी खा, किंवा थोडं घालून फ्रिजमध्ये ठेवा.

मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात होम सायन्सला होते. १९४९ साली विद्यापीठ झालं आणि अगदी सुरुवातीच्या काळापासून तिथे हा विषय शिकवतात. घरगुती पदार्थ प्रमाणात कसा बसवायचा हे तिथे शिकले, ते इथे उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

आईला 'किती घालतेस' असं विचारायचं नाही. विचारलं की ती जे घालायला हवं असं तिला वाटतं ते सांगते, हात मात्र वेगळंच घालत असतो. त्याऐवजी स्वयंपाकाला सुरुवात होण्यापूर्वी मिठाचा डबा, तिखटाचा डबा, मसाल्याचा डबा, गुळाचा डबा, तेलाची बरणी, सगळं इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून वजनं लिहून घ्या. मग तिला तिच्या पद्धतीने करू द्या, मध्ये एक अक्षर बोलू नका. तिने चव बघून तीनदा मीठ घातलं तरी घालू दे. शेवटी डबे पुन्हा काट्यावर ठेवा. जेवढं कमी झालं तेवढं पडलं. असं दोनतीन वेगवेगळ्या दिवशी केलं की आईचं खरं प्रमाण हाती लागतं. माझ्या आईच्या आमटीत ती सांगायची त्याच्या जवळजवळ दुप्पट गूळ निघाला. तिला अजून पटलेलं नाही.

गोड्या मसाल्यासाठी हे फार गरजेचं आहे. दगडफूल फुलासारखं हलकं असतं. वाटी भरून घेतलं तर वजन नाममात्र भरतं. कोणी 'एक वाटी'चं मनानेच 'शंभर ग्रॅम' करून टाकलं तर मसाला कडवट आणि काळाकुट्ट होतो. नागकेशर, लवंग, दालचिनी यांना ग्रॅम लावा, धणे आणि सुकं खोबरं वाटीने चालेल. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण तीळ तडतडून उतरवायची वेळ येते तेव्हा धणे अजून कच्चेच असतात.

आणि वहीच्या पीडीएफमध्ये दर पानाखाली एक ओळ घाला: हे कधी करायचे, कोणासाठी, उरलं तर त्याचं काय करायचं. ते कुठल्याच वहीत नसतं.

जुना_दांडियाबाजार

धाग्याचा सूर पटला नाही. सेव-उसळ पोरांनी उचलली यात कसलं कौतुक? ती नाक्यावर मिळते. काळजी त्या पदार्थांची करा जे घराबाहेर मिळत नाहीत.

आम्ही सीकेपी. निनाव, खाजाचे कानवले, वालाचं बिरडं, सोड्याची खिचडी. कानवल्याच्या पोळ्या लाटून, एकेकीला तूप-पिठाचा साटा लावून, एकावर एक रचून, वळकटी करून, कापून, पुन्हा लाटायच्या. तळताना पदर सुटे व्हायला हवेत आणि आतलं सारण तेलात सांडता कामा नये. हे हाताला येतं अशा आमच्या नात्यात बोटांवर मोजण्याइतक्या बायका उरल्यात, आणि सगळ्या सत्तरीच्या पुढच्या. नातवंडांची दिवाळी मठिया आणि चोळाफळीपासून सुरू होते. आमटीला दाळ म्हणतात आणि तिच्यात शेंगदाणे शोधतात.

पिलाजीराव गायकवाडांपासून पाहिलं तर आपण इथे तीनशे वर्षं आहोत. एवढी वर्षं चूल सांभाळली ती काय 'पोरांना सोयीचं वाटेल तेवढं ठेवू' म्हणून? आज कोणी करो न करो, सगळं लिहा, सगळ्याचं चित्रण करा. उद्या एखाद्या पणतीला हवं झालं तर तिला सापडलं पाहिजे. रावपुरावालीताई, तुमचं टंकन अजिबात वाया गेलेलं नाही.

नातू_नंबर_तीन

मी बावीसचा आहे, फतेहगंजला मित्रांसोबत फ्लॅटवर राहतो. मराठी लिहिताना चुकलो तर सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे लिहिताय की पोरं शिकत नाहीत. मला कोणी बोलावलंच नाही. घरी दिवाळीचं फराळ सुरू झालं की बहिणीला 'ये, चकल्या पाड' आणि मला 'जा, गॅसचा बाटला बदल'. बहिणीला जबरदस्ती होती म्हणून ती आता स्वयंपाकघराचं नाव काढत नाही, आणि मला हौस होती तर मला खायलाच बोलावलं. शेवटी आजोळी गेलो तेव्हा आजीने बिरडं सोलायला बसवलं, कारण दुसरं कोणी घरात नव्हतं. ते मला आवडलं. हात चालू असतो, डोकं रिकामं असतं, आणि आजी अशा गोष्टी सांगते ज्या समोरासमोर बसून विचारल्या तर सांगणार नाही. आजोबांनी कुणाच्या लग्नात काय तमाशा केला वगैरे.

आता मी फ्लॅटवर बिरडं करतो. मोड आणायला बांधून ठेवतो आणि सोलायला सगळ्यांना बसवतो. रूममेट मेहसाण्याचा आहे, त्याला वाल माहीत आहेत, त्यांच्याकडे लग्नाच्या जेवणात गूळ घालून गोड-आंबट करतात, मोड न आणता. तो म्हणतो आमचे बरे, सोलायला लागत नाहीत. पण सोलतो.

जुना दांडियाबाजार काका, मला कानवले शिकवाल का? सिरियसली विचारतोय.

वाडीतला_वाडा

वरच्या प्रतिसादाला शंभर अंगठे. आमच्या दोघांना आम्ही बोलावलं नव्हतं, ते सेव-उसळीसाठी आपणहून घुसले. मुलगीच घरात नाही, त्यामुळे हा प्रश्नच कधी डोक्यात आला नव्हता.

सुरतची_सून

मी मूळची सुरतची, गुजराती. लग्न होऊन वाडी भागातल्या मराठी घरात आले. आज आमच्या घरात पुरणपोळी, अळूचं फदफदं, आंब्याची डाळ, पंचामृत मी करते. यांना चहासुद्धा धड जमत नाही. म्हणजे तुमची परंपरा आमच्या घरात एका गुजरातणीच्या हातात आहे, आणि नणंदबाई दर गौरींना जेवून गेल्यावर म्हणतात, 'आईची चव आहे.' :)

मी कशी शिकले ते सांगते. माहेरी पुरणपोळी असते, आम्ही वेढमी म्हणतो, पण ती तुरीच्या डाळीची. पहिल्या होळीला मी इथे सवयीने तूर भिजत घातली. सासूबाईंनी रागवण्याऐवजी विचारलं, 'तुरीचं पुरण कर हवं तर, पण मग कटाची आमटी कशाची करशील?' मला कट म्हणजे काय ते माहीत नव्हतं. हरभऱ्याची डाळ शिजवून वरचं पाणी काढायचं, त्याची आमटी करायची, ती मसालेदार हवी कारण पोळी गोड असते, भात साधा हवा कारण आमटी तिखट असते, आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या पोळीबरोबर तीच आमटी मुरलेली जास्त चांगली लागते. एका प्रश्नातून मला सगळं पान कळलं. नुसती 'हरभऱ्याची डाळ दोन वाट्या' असं लिहून दिलं असतं तर मी तुरीची दोन वाट्या घेऊन मोकळी झाले असते.

म्हणून होमसायन्सवालीताई म्हणतात ती खालची ओळ फार महत्त्वाची. मी तर म्हणते ती ओळ वर घ्या आणि प्रमाण खाली.

रावपुरावाली

तुमच्या सासूबाईंचे गुण मी घेते. आमच्याकडे रागवून मोकळ्या झाल्या असत्या.

नातू नंबर तीन, तुझं वाचून मी माझ्याच ग्रुपची यादी बघितली. पीडीएफ मी मुलींना आणि सुनांना मेसेज करून वेगळी पाठवली होती. मुलग्यांना फक्त ग्रुपवर.

मेतकूटभात

मी मेलबर्नला. इथे पोरांनी उचलली ती एकच गोष्ट, मेतकूट. कुकरला मऊ भात, वर मेतकूट, तूप, मीठ. धाकटा आठवीपासून स्वतः करतो, कारण शाळेतून आल्यावर घरात कोणी नसतं आणि हे त्याला पेटवणं-चिरणं न करता जमतं. मेतकूट मी इथेच भाजते: तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, थोडे गहू, धणे, जिरे, मेथी, सुंठ, हिंग, हळद. दळायला मिक्सर पुरतो. भाजण्याचं काम हल्ली मोठीकडे आहे. तिला ते 'वीकेंडला वास सुटतो' म्हणून आवडतं.

आईने इकडे येताना आणण्यासाठी सांडगे, कुरडया, मिरगुंड असं पोतंभर करून ठेवलं होतं. विमानतळावर सगळं जाहीर करावं लागतं आणि काय आत येईल काय नाही याचा घोर लागतो, म्हणून मी त्यातलं निम्मं मागेच ठेवून आले. आई आठवडाभर बोलली नाही.

पतंगबाज

आमच्याकडे गुळपोळी. आणि मला त्याचं कारणही ठाऊक आहे.

उत्तरायणाला बडोद्यात घरात कोण बसतं? पहाटेपासून सगळे धाब्यावर, म्हणजे गच्चीवर. उंधियू आणि जिलेबी विकत येते, ती दुपारी. सकाळी हातात मांजा असताना खाता येईल असं काय आहे? गुळपोळी. ती मुळातच गार खायची, तूप लावून, आणि आठ दिवस सहज राहते. आई आदल्या दिवशी चळत करून ठेवायची, ती डबा भरून वर जायची, ताट नाही वाटी नाही. दोन्ही कानांवर लाउडस्पीकर, 'काय पो छे' चालू आणि एका हातात दुमडलेली गुळपोळी. शेजारचे पटेल आणि शाह आमच्या धाब्यावर त्यासाठीच यायचे.

आई गेली त्या वर्षी मुलाने आणि सुनेने न सांगता केल्या. पोळ्या फाटल्या, तव्यावर गूळ गळला, पण केल्या. त्यांच्या लेखी गुळपोळीशिवाय उत्तरायण होत नाही. संक्रांत, सुगडं, हळदीकुंकू यातलं काही त्यांच्याकडे उरलेलं नाही. तीळगूळही फार कोणी वाटत नाही. पोळी राहिली, कारण तिला पतंगाच्या दिवशी काम होतं.

रावपुरावाली

पतंगबाज, माझ्या प्रश्नाला हेच उत्तर मी शोधत होते. वरच्या सगळ्या प्रतिसादांत तेच दिसतंय. मेतकूट राहिलं कारण शाळेतून आलेल्या एकट्या मुलाला भूक लागते. सेव-उसळ राहिली कारण रविवार सकाळ मुलांच्या मालकीची आहे. बिरडं राहिलं कारण फ्लॅटवर चार जणांना गप्पा मारायला निमित्त हवंय. आम्ही मात्र पोरांना पदार्थ देतो तो आमच्या सणाच्या ताटासकट, आमच्या तिथीसकट. त्यांच्या आठवड्यात ती तिथी येतच नाही. त्यांच्या कुठल्या दिवसाला काय पुरवता येईल ते आधी बघायला हवं, मग वही उघडायची.

जुना_दांडियाबाजार

आणि ज्यांना कामच मिळणार नाही ते? अनारसे घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, सावलीत सुकवा, ओलसर असताना कुटा, गुळात मळा, मुरवा, खसखशीवर थापा, तुपात तळा, आणि मग हसला की रुसला ते बघा. कोणाच्या रविवार सकाळी बसवता हे? तुमच्या हिशेबाने अनारसा मेला.

सुरतची_सून

काका, अनारसा मेला तर मीही रडेन. पण आम्ही दर दिवाळीला अनारशाचं पीठ तयार आणतो, आणि तळतो घरी. तीन दिवसांचं काम जातं, हसणं-रुसणं राहतं. मुलं त्यासाठीच कढईभोवती उभी असतात.

तोळामासा

विकत आणण्याला लोक उगीच कमी लेखतात. बायकांच्या हाताला काम मिळावं म्हणून महाराणी दुसऱ्या चिमणाबाईंनी १९१४ साली इथे स्त्री उद्योगालय काढलं. आमच्या घरात पापड आणि मसाला वर्षानुवर्षं तिथूनच यायचा, आणि आई स्वतः सुगरण म्हणून नावाजलेली होती. जे चार बायका मिळून करायच्या ते एकटीने करायची पाळी आली की ती शहाणी बाई विकत आणायची. उन्हाळ्यात रस्त्याकडेला मसाल्याचे मांडव पडतात, तिथे मिरच्या-हळद समोर उभं राहून कुटून घ्यायचीही आपल्याकडे जुनीच रीत. सगळं घरच्याच उखळात व्हायचं अशी आठवण आता तयार होतेय.

जुना_दांडियाबाजार

मांडवाचं मान्य. चिमणाबाईंचंही मान्य. अनारशाच्या पिठाचं मान्य नाही, पण सूनबाई तळून खाऊ घालणार असतील तर विचार करू.

कानवल्यांबद्दल: बाळा, मला येत नाहीत. माझ्या मोठ्या वहिनीला येतात, तिचं वय ८१ आहे. तिला विचारलं. ती म्हणाली, मुलगा आहे का, मग लाटायला जोर असेल, पाठव.

नातू_नंबर_तीन

पुढच्या शनिवारी येऊ का? रूममेटलाही आणतो. तो व्हिडिओ काढेल. काटा पण आणतो, डब्यांची वजनं घेऊ.

जुना_दांडियाबाजार

ये. काट्याचं तिला आधी सांगू नकोस. पत्ता खाजगी संदेशात पाठवतो.

श्रावणघेवडा

धागा आज वाचला. रावपुरावालीताई, तुमच्या लेकीच्या जैन सासरबद्दल कोणी बोललंच नाही, म्हणून लिहिते. माझी बहीण त्याच परिस्थितीत आहे.

कांदा-लसणाचा प्रश्न तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही. आपल्या श्रावणातल्या आणि नैवेद्याच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतोच. गोड्या मसाल्याची आमटी, भरली वांगी सोडून बाकीच्या भाज्या, वरण, मसालेभात, श्रीखंड, पुरणपोळी, सगळं तिथून घ्या. वांगं अनेक जैन घरांत चालत नाही, बटाटा आणि बाकी कंदमुळं तर नाहीतच. अडचण येते ती वेगळीकडे. मोड आलेली कडधान्यं कडक पाळणाऱ्या घरांत चालत नाहीत, म्हणजे डाळिंब्या आणि मटकी बाद. कच्चं दही आणि डाळ एकत्र चालत नाही, त्यामुळे दह्यातल्या कोशिंबिरीत कच्ची भिजवलेली मुगाची डाळ घालायची नाही, आणि दहीवडे करायचे तर दही आधी गरम करून घेतात. चातुर्मासात पालेभाज्याही सोडतात, मग अळू नाही.

बहिणीने काय केलं, सासूबाईंना पहिल्यांदा कटाची आमटी दिली. त्यांना ती इतकी आवडली की आता त्या घरात वेढमीलासुद्धा हरभऱ्याची डाळ वापरतात. तुमच्या लेकीला तेवढा एक पदार्थ घेऊन बघू दे.

रावपुरावाली

सांगते तिला. तिच्या सासूबाई खाण्याच्या शौकीन आहेत, पण गोडा मसाला म्हटलं की 'नॉनव्हेजवाला?' असं विचारतात. आधी मसाल्याचा डबा उघडून एकेक जिन्नस दाखवावा लागेल.

टोरांटोच्या चिरंजिवांचा आत्ताच मेसेज आला. त्याला वहीतली फक्त दोन पानं हवी आहेत, तीही फोटो काढून, टंकलेली नकोत. एक मेतकुटाचं. दुसरं अळिवाच्या लाडवांचं. सूनबाईंचे दिवस भरत आलेत, ते आम्हाला माहीत होतं, पण लाडू तो स्वतः करणार आहे हे माहीत नव्हतं. अळीव तिकडे मिळतात का कोणी सांगेल का?

मेतकूटभात

अभिनंदन ताई! भारतीय दुकानात बघायला सांगा, गुजराती नावाने, असेळियो. आमच्याकडे त्याच नावाने मिळतात. आणि नारळाच्या पाण्यात निदान दोन तास भिजवायला सांगा, ते फुगून चिकट होतात, घाबरू नको म्हणावं. ताजा नारळ नसला तर गोठवलेला खवलेला मिळतो, तो आधी पूर्ण वितळवून पाणी पिळून काढायचं, नाहीतर लाडू वळत नाहीत.

होमसायन्सवाली

गूळही चिक्कीचा नको. साधा मऊ गूळ घ्यायला सांगा. आणि लाडू चारपाच दिवसांतच संपवायचे, ओल्या नारळाचे आहेत. जास्त झाले तर गोठवून ठेवता येतात.